विरजणाची पाने

नरकचतुर्दशीच्या पहाटे सीमा ज्या पाण्याने न्हाली, ते पाणी तिच्याच सहा वर्षांच्या कामावर तापले होते. हे तिला कळले चार दिवसांनी. मधल्या काळात तिने करंज्या खाल्ल्या, बोळिंजला माहेरी जाऊन भावाला ओवाळले आणि परतताना सासूसाठी हिरव्या काठाची साडी आणली. अज्ञानाच्या त्या चार दिवसांचा पुढे तिला फार राग यायचा. इतके सुखी आपण कशाच्या जोरावर होतो, असे ती स्वतःला विचारायची.

सांडोरच्या तिच्या सासरघरात सुकेळीची एक टोपली होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसभर मांडवावर उन्हात घालायची आणि ऊन उतरले की गोळा करून टोपलीत, केळीच्या वाळक्या पानांच्या थरांमध्ये निजवायची. सकाळ झाली की पुन्हा मांडव. असे सात-आठ दिवस चालले म्हणजे मधाच्या रंगाची, चिवट गोड सुकेळी तयार होते. वरची पाने दर खेपेला बदलली जात. तळाची मात्र कधीच बदलायची नाहीत, असा सीमाच्या सासूबाई आनंदीबाई यांच्या सासूचा दंडक होता आणि ती सासू जाऊन तीस वर्षे झाली तरी तो मोडलेला नव्हता. ती पाने काळी पडली होती, हाताला तेलकट लागत, आणि त्यांना एक आंबूस, जुन्या पावसासारखा वास होता. आनंदीबाई त्यांना विरजणाची पाने म्हणत. पावसाळाभर टोपली मागच्या पडवीच्या आढ्याला टांगलेली असे. दिवाळी सरली की ती खाली उतरे.

चौदा वर्षांपूर्वी सीमा या घरात आली तेव्हा तिचे हात फाटलेले होते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलगी. दिवसातून वीस वेळा हात धुणे हा तिच्या विद्येचा पहिला संस्कार होता. थंडीत बोटांच्या सांध्यांना चिरा पडत. सासूचे हात केळीच्या चिकाने काळे-तपकिरी झालेले, कुठल्याही साबणाला न बधणारे. पण त्या काळ्या कातडीवर चीर नव्हती, की खवला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात तिने हे पाहिले आणि आनुवंशिकता म्हणून सोडून दिले. मग मटिल्डामावशींचे हात पाहिले. कुंपणापलीकडच्या त्या ख्रिस्ती घरातही सुकेळी होत असे, आणि मावशींचे हातही तसेच होते. दोन घरांचे रक्त वेगळे, देव वेगळे, कातडी मात्र एका शाळेत शिकल्यासारखी. जंतू म्हणजे शत्रू, हे तिच्या पाठ्यपुस्तकाचे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा डळमळले.

सहा वर्षांपूर्वी तिने तळाच्या पानांवरून कापसाचा बोळा फिरवला. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत ती जिथे नोकरी करत होती, तो कारखाना त्वचेच्या क्रीममध्ये घालायचे घटक बनवून मोठ्या कंपन्यांना पुरवत असे. मालक श्रीरंग यांनी तिला एक कोपरा, एक उबवणी-पेटी आणि भरपूर संशय दिला. सातव्या नमुन्यात तिला हवा तो जीवाणू सापडला. त्याला साखरेच्या पाण्यात वाढवायचे, त्याने जे काही निर्माण केले ते गाळून घ्यायचे आणि ते पाणी क्रीममध्ये मिसळायचे, एवढाच त्यातला कारभार. पण तो बसवायला चार वर्षे गेली. बेचाळीस बायकांच्या हातांवर दोन हिवाळे चाचणी झाली. कोरड कमी झाली, चिरा मिटल्या. जीवाणूचे नाव तिने ठेवले ‘आ-७’. आ हा आनंदीबाईंचा.

आता एक मोठी कंपनी तो घटक घ्यायला तयार होती. त्यांच्या शास्त्रज्ञ विनिताबाई दिवाळीनंतरच्या गुरुवारी सांडोरला येऊन उगमस्थान स्वतः पाहणार होत्या. वसईच्या वाडीतून आलेला जीवाणू, अशी त्या क्रीमची सगळी ओळख असणार होती. त्या ओळखीखाली एका प्रमाणपत्रावर सही लागत होती, आणि ती सही सीमाची होती.

दिवाळीआधी श्रीरंग म्हणाले होते की फोटोही निघतील, तेव्हा सासूबाईंचे हात तेवढे स्वच्छ दिसले तर बरे. सीमाने तो निरोप घरी हसत हसत सांगितला. हसत सांगितलेली गोष्टही ऐकणाऱ्याच्या मनात हसतच उतरते, असा तिचा समज होता.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातच तिला वास आला. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर, आगीची भीती नको म्हणून, कोणीतरी मागच्या बाजूचा मुख्य स्विच बंद केला होता. तीन दिवस डीप फ्रीझर उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली बंद पडून होता. नळ्यांची बुचे सुटली होती. आ-७ च्या बाराही नळ्यांत करड्या बुरशीने संसार मांडला होता. जीवाणूची दुसरी जोडी बाहेरच्या एखाद्या संग्रहात ठेवायला हवी होती, हे कोणत्याही विद्यार्थ्याला कळते. सीमानेही अर्ज आणला होता. तो अर्धा भरून तिच्या खणात दोन वर्षे पडून होता. मूळ ठेव घरच्या आढ्याला टांगलेली असताना परक्या शहरातल्या शीतपेटीवर विसंबायचे कशाला, असे तिला वाटत आले होते. म्हणून ती घाबरली नाही. निर्जंतुक पिशवी आणि बोळ्यांचे पाकीट घेऊन ती दुपारीच घरी निघाली.

आनंदीबाई पडवीत तिची वाटच पाहत असल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी टोपली समोर ओढून दाखवली. बांबूचा मूळचा पिवळा रंग सीमाने आयुष्यात प्रथमच पाहिला. टोपलीला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता, आणि तळाशी ताजी, हिरवीगार, पुसून घेतलेली पाने अंथरली होती.

“तळाची पानं कुठे ठेवली, आई?”

“ती काळी? चतुर्दशीला पाण्याखाली घातली. काय भडकली म्हणून सांगू, तेल प्यायल्यासारखी.” मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. “परकी माणसं येणार. त्यांच्यापुढे ती घाण मांडायची होय? तूच म्हणालीस ना, स्वच्छ दिसायला हवं.”

सीमाने त्यांचे हात पाहिले. लिंबू, राख, रॉकेल, भांड्यांची घासणी. काय काय वापरले होते कोण जाणे. काळेपणा गेला नव्हता, फक्त विटला होता, आणि त्याच्या आत तळहातभर लाल चिरा उमटल्या होत्या. साठ वर्षे जे हात फाटले नव्हते, ते एका निरोपाने फाटले होते. सीमाला रडू आले नाही.  

तिने नवी पाने उचलली, टोपलीच्या विणीतून बोळे फिरवले, आढ्यावरून, खुंटीवरून, दोरीवरूनही फिरवले. ते नमुने प्रयोगशाळेत काचेच्या प्लेटांवर वाढायला ठेवले आणि तिसऱ्या दिवशी प्लेटा तपासल्या. ज्या कोऱ्या नव्हत्या, त्यांवर परकेच काहीतरी उगवले होते. आ-७ ची कडा चुण्यांची असते, नऊवारीच्या निऱ्यांसारखी. तशी कडा कुठेच नव्हती.

श्रीरंग आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा मागवला आणि सांगितले की हीच प्रजाती शासकीय संग्रहातून विकत मिळते. आठवड्यात येईल, टाकीत घालता येईल. तोवर गुरुवारची भेट ठरल्याप्रमाणे होऊ द्यावी. टोपली आहे, म्हातारी आहे, वाडी आहे. पाहुण्यांना आणखी काय हवे?

“प्रजाती एकच आहे ना, मॅडम?”

“माणसाचीही प्रजाती एकच असते, सर. म्हणून भाऊबिजेला कोणाच्याही घरी जाऊन पाटावर बसता येत नाही.”

श्रीरंग हसले. मग त्यांनी प्रमाणपत्र तिच्यापुढे सरकवले. उगम या शब्दापुढे सांडोरच्या घराचा पत्ता आधीच टंकलेला होता. सही झाली तर सीमा नव्या विभागाची प्रमुख होणार होती. नाही झाली तर तो विभागच होणार नव्हता, आणि मग तिच्या कोपऱ्याचे काय करायचे याचा त्यांना विचार करावा लागणार होता. हे त्यांनी धमकीच्या सुरात सांगितले नाही. हवामान सांगावे तसे सांगितले. सीमाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली की गुरुवारी देते. ते तिचे होकार देणे आहे, असे श्रीरंग यांनी धरले.

गुरुवारी अकराच्या सुमारास गाडी सांडोरला पोहोचली. विनिताबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायांत साध्या चपला घातलेल्या. त्या वाडीत शिरल्या तेव्हा केळीच्या पानांतून ऊन फाटून खाली पडत होते. त्यांनी मांडव पाहिला, केळी सोलायची पद्धत विचारली, एक सुकेळी मागून खाल्ली. श्रीरंग उत्साहाने बोलत होते. परंपरा, मातृशक्ती, मातीचा स्पर्श असे शब्द ते पेढ्यांसारखे वाटत होते. आनंदीबाई हिरव्या काठाची नवी साडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या. हात पदराखाली.

विनिताबाईंनी पिशवीतून बोळ्याचे पाकीट काढले. टोपलीच्या तळाचा एक नमुना त्या स्वतः घेणार होत्या.

श्रीरंग यांनी सीमाकडे पाहिले. त्या नजरेत ताकीद कमी आणि खात्री जास्त होती, आणि नेमकी ती खात्रीच सीमाला सहन झाली नाही. सहा वर्षे तिने या माणसाच्या संशयाशी झुंज घेतली होती. त्याच्या विश्वासाला आपण अशा पद्धतीने पात्र ठरावे, याची तिला शिसारी आली.

“त्यात काही नाही,” ती म्हणाली. “टोपली धुतली गेली आहे. पानंही जळली. आमच्याकडचा साठा फ्रीझर बंद पडून गेला. आज या घरात आ-७ नाही.”

मांडवावरून एक कावळा केळे उचलून उडाला, आणि कोणीच त्याला हाकलले नाही. श्रीरंग यांनी काहीतरी सावरायला सुरुवात केली. तांत्रिक अडचण, तात्पुरती, मॅडम फार ताणाखाली आहेत. विनिताबाईंनी बोळा पुन्हा पाकिटात ठेवला.

तेव्हा आनंदीबाई उठल्या.

“धुतली गेली नाही,” त्या म्हणाल्या. “मी धुतली. तुम्ही येणार म्हणून धुतली.” आणि पदराखालचे दोन्ही हात त्यांनी बाहेर काढले, पाहुण्यांसमोर धरले. “हे पण धुतले. बघा काय झालंय ते.”

त्या आवाजात क्षमायाचना नव्हती. कुणाच्या तरी नजरेसाठी आपण स्वतःला ओरबाडले, हे कळलेल्या माणसाचा तो आवाज होता. आणि त्या नजरेचा धनी समोरच उभा होता. श्रीरंग यांनी मान वळवली. विनिताबाईंनी वळवली नाही. त्या हात पाहत राहिल्या, डॉक्टर पाहतात तसे नव्हे, तर एखादे पत्र वाचावे तसे.

मग आनंदीबाई पायऱ्या उतरल्या आणि कुंपणाकडे चालू लागल्या. सीमा चकित झाली. कुंपणापलीकडे मटिल्डामावशींचे घर होते, आणि चार वर्षे त्या दोघींत बोलणे नव्हते. मावशींच्या केळीचा पोर, म्हणजे बुंध्याशी फुटणारा नवा कोंब, कुंपणाखालून या बाजूला फुटला होता. त्याला घड धरला तेव्हा आनंदीबाईंनी तो कापून आणला होता. घड कोणाचा, याचा निकाल अजून लागायचा होता. नाताळात तिकडून फराळाचे ताट यायचे आणि दिवाळीत इकडून जायचे, कारण ताटांचे काही भांडण नव्हते. पण ताटाबरोबर शब्द जात नसे.

आनंदीबाईंनी कुंपणापाशी उभे राहून हाक मारली. मटिल्डामावशी अंगणात आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पुढचे बोलणे त्या दोघींच्या घरगुती बोलीत झाले, भराभर, एकमेकींची वाक्ये तोडत. सीमाला चौदा वर्षांनंतरही ते अर्धेच कळायचे. कळले ते असे: बारा वर्षांपूर्वी मटिल्डामावशींच्या टोपलीला बुरशी धरली होती आणि एक हंगाम पुरता वाया गेला होता. त्या वेळी आनंदीबाईंनी आपल्या तळातली मूठभर पाने त्यांना दिली होती, विरजण म्हणून. घरचे विरजण बाहेर देऊ नये असा सासूचा दुसरा दंडक होता. तो त्यांनी गुपचूप मोडला होता आणि या घरात कोणालाही सांगितले नव्हते. आता त्या ते मागत होत्या.

मटिल्डामावशींनी कमरेवरचे हात काढले. मग साऱ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत त्या म्हणाल्या, “आणि घड?”

“घड तुझाच होता,” आनंदीबाई म्हणाल्या. “पण केळी बेचव होती.”

मटिल्डामावशी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात टोपलीच होती, काळीकुट्ट, वर्षानुवर्षांच्या वासाने जड झालेली. ती त्यांनी कुंपणावरून दिली नाही. वळसा घालून फाटकातून त्या स्वतः आत आल्या, टोपली ओट्यावर ठेवली आणि पाहुण्यांना सांगितले की बघायचे ते इथेच बघा, मी नेणार आहे परत. शिवाय एक गोष्ट लिहून घ्या: आनंदीचे म्हणून छापणार असाल तर माझेही छापा, आणि एकट्या कोणा कंपनीचे म्हणून छापणार असाल तर हात लावू नका.

श्रीरंग यांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि आनंदीबाईंपुढे धरली. आधी हात, म्हणजे नमुना शुद्ध राहील. आनंदीबाईंनी बाटलीकडे पाहिले. मग त्यांनी आपले फाटलेले हात मनगटापर्यंत त्या काळ्या पानांत घातले, तळाची एक जुडी सोडवली आणि सुनेच्या पिशवीत टाकली. दुसरी विनिताबाईंना दिली. तिसरी आपल्या पिवळ्या, निर्लज्ज स्वच्छ टोपलीच्या तळाशी अंथरली.

निघताना विनिताबाई सीमाला एवढेच म्हणाल्या की यातून जे निघेल ते जसे असेल तसे मला कळवा, मी माझ्याकडेही वाढवून पाहीन. परतीच्या गाडीत श्रीरंग यांनी सीमाला जागा दिली नाही. ती रिक्षाने वालीवला गेली आणि पिशवी घेऊन थेट आपल्या कोपऱ्यात शिरली. तिला कोणी अडवले नाही. बहुधा अडवायचे कोणी ते ठरले नसावे.

तिसऱ्या दिवशी प्लेटेवर फिकट, साईच्या रंगाचे ठिपके आले. चौथ्या दिवशी त्यांच्या कडांना चुण्या पडल्या. सीमा त्या निऱ्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. पण पुढच्या दोन आठवड्यांच्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट निघाली: हा आ-७ होता आणि नव्हताही. बारा वर्षे दुसऱ्या घरात, दुसऱ्या हातांखाली राहून तो थोडा बदलला होता. वाढ सावकाश होती, वास किंचित वेगळा होता. जुन्या चाचणीचे निकाल याला जसेच्या तसे लावता येणार नव्हते. बेचाळीस बायका पुन्हा शोधाव्या लागणार होत्या, आणि एक हिवाळा पुन्हा द्यावा लागणार होता.

श्रीरंग यांनी तिला बोलावले. या खेपेला चहा नव्हता. त्यांचे म्हणणे सरळ होते. जीवाणू सापडला, उगम सांडोरचा, तोही खरा. आता जुने नाव, जुने निकाल आणि खाली सही. फरक सूक्ष्म आहे, आणि सूक्ष्म गोष्टींनी गिऱ्हाईक अडत नाही. विनिताबाईंना या महिन्याअखेर कागद हवा आहे. उशीर झाला तर ऑर्डर दुसरीकडे जाईल.

सीमाने पर्समधून घडी घातलेले प्रमाणपत्र काढले. तीन आठवडे ते तिथेच होते. टंकलेला पत्ता तिने एका रेघेने खोडला आणि वर हाताने लिहिले: उगम, सांडोर, टोपल्या दोन. मालकी, कोणा एकाची नाही. नाव, आम-१. चाचणी, व्हायची आहे. मग तिने सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची, एरवी ती करायची त्याहून मोठी.

“हे असं गेलं तर ऑर्डर गेली म्हणून समजा,” श्रीरंग म्हणाले.

“जाऊ दे.”

“आणि तुम्ही?”

“मी माझ्या कोपऱ्यात आहे. उबवणी-पेटी चालू आहे. ती बंद करायची असेल तर तुम्ही स्वतः येऊन करा, सर. या वेळी स्विच कोण बंद करतं, ते मला बघायचंय.”

श्रीरंग यांनी कागद उचलला. वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कागदाच्या कोपऱ्यावर, तिचा अंगठा टेकला होता तिथे, एक तपकिरी डाग उमटला होता. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. पंधरा दिवस ती रोज सकाळी मांडवावर सासूबरोबर केळी सोलत होती. बोटांच्या पेरांत आणि नखांच्या मुळाशी चीक चढून काळा झाला होता. धुऊन तो जाण्यातला नव्हता. थंडी पडली होती, आणि सांध्यांवर एकही चीर नव्हती.

काहीतरी बोलायला हवे म्हणून ते बोलले. बाहेरची माणसे येतात-जातात, म्हणाले. हात तेवढे स्वच्छ ठेवत जा, मॅडम.

“स्वच्छच आहेत,” सीमा म्हणाली.